अंदाजे म्हणजे किती?

‘ताई, नमस्कार. मी ठाण्यात घोडबंदर रोडला राहते, नोकरी ऐरोलीला. माझ्या सासूबाई गेल्या वर्षी गेल्या. त्यांची पदार्थांची वही माझ्याकडे आहे. पहिली काही पानं तर त्यांच्याही सासूबाईंच्या अक्षरातली आहेत. वहीत जिथे तिथे “अंदाजे”, “बेताचं”, “मावेल तेवढं”. कुठे चिपटं, कुठे तोळे, एका पानावर “चार आण्याची खसखस”. सासरे अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत, त्यांना मधुमेह आहे. ते काही मागत नाहीत, पण आई गेल्यापासून त्यांचं जेवण निम्म्यावर आलंय. मी उकड केली, गुठळ्या झाल्या. वालाचं बिरडं केलं, कडू झालं. दोन्ही त्यांनी मुकाट्याने खाल्लं आणि मला त्याचंच जास्त वाईट वाटलं. नवरा म्हणतो, कशाला जीव काढतेस, हल्ली सगळं तयार मिळतं. नऊ वर्षांची लेक मऊ भात बघून नाक मुरडते. दिवसाचे दहा तास बाहेर असणाऱ्या बाईला हे जुनं जेवण घरात परत आणणं जमण्यासारखं आहे का? असेल तर सुरुवात कुठून करू? – एक सून, ठाणे’

सस्नेह नमस्कार.

तुमचं पत्र वाचलं आणि उठून माझ्या आईची वही काढली. तिच्यात एका पानावर फक्त ‘आमटी नेहमीसारखी’ एवढंच आहे. खाली पान कोरं. लहानपणी मला वाटायचं, आई पुढचं लिहायला विसरली. आता कळतं, तिला लिहायची गरजच नव्हती. या वह्या त्या बायकांनी आपल्याला शिकवायला लिहिलेल्या नाहीत. जे वर्षातून एकदाच होतं आणि म्हणून डोक्यातून जातं, तेवढं त्यांनी टिपून ठेवलं. शेजारणीकडून उतरवून घेतलेल्या वड्या, दिवाळीचं प्रमाण, श्रावणातलं निनावं, म्हणजे ते नारळाच्या दुधातलं गोड. रोजचा स्वयंपाक हातात होता, तो कशाला लिहितील? तेव्हा तुमच्या वहीत निनावं सापडेल, पण बाबांचं जे जेवण निम्म्यावर आलंय ते कदाचित तिच्यात लिहिलेलंच नसेल. त्याच्याकडे येतेच.

आधी मापं, कारण ती सुटण्यासारखी आहेत.

तोळा म्हणजे 11.66 ग्रॅम. ‘पाच तोळे’ लिहिलं असेल तर 58 ग्रॅम धरा. चिपटं, मापटं, शेर ही धान्य भरून मोजायची मापं. दोन चिपट्यांचं मापटं, दोन मापट्यांचा शेर, चार शेरांची पायली. हा शेर गावागणिक लहानमोठा असायचा, त्यामुळे त्याचे ग्रॅम काढत बसू नका. ‘बाजरी एक मापटं, हरभऱ्याची डाळ एक चिपटं’ असेल तर तुम्ही बाजरी दोन वाट्या घ्या आणि डाळ एक वाटी. भाजणीला एवढंच लागतं. आपल्याकडे किलो-ग्रॅम आले 1958 पासून आणि सक्तीचे झाले 1962 मध्ये, पण हाताची सवय कायद्याने बदलत नाही, म्हणून त्यानंतरच्या पानांतही तोळे सापडतील. चार आण्याच्या खसखशीपाशी अडकू नका. भाव माहीत नसताना त्याचं काही करता येत नाही. दोन चमचे घाला आणि पुढच्या वेळी कमीजास्त करा.

‘फुलपात्र’ हा शब्द वहीत असेलच. तर तुमच्या घरातलं ते फुलपात्र शोधा, माळ्यावर किंवा देवघरात सापडेल. त्यात काठोकाठ पाणी भरा, मापाच्या कपात ओता आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहा. माझ्या आईचं फुलपात्र 180 मिलिलिटरचं निघालं. मी कित्येक वर्षं तिचं माप मोठ्या स्टीलच्या पेल्याने घेत होते. पीठ पेल्याने, ताक मात्र वाटीने. माझं सगळं दाट का होतं, ते त्या दिवशी कळलं.

‘अंदाजे’ मात्र असं सुटणार नाही. ज्या बाईने ‘मीठ अंदाजे’ लिहिलं तिच्या तीन बोटांत किती मीठ मावतं हे तिला पाठ होतं, आणि भांडंही तिचं रोजचंच होतं. तुमचा अंदाज तुमच्याच हातात, तुमच्याच भांड्यात तयार होईल, आणि तो एकच पदार्थ पुन्हापुन्हा केल्याने होईल. म्हणून सुरुवातीला वहीतले दहा पदार्थ एकेकदा करू नका. एक उचला आणि महिनाभर आठवड्याला एकदा तोच करा. चौथ्या वेळेला तुम्ही चमचा शोधणार नाही.

आता मला मनापासून सांगायचंय ते हे. प्रत्येक जुन्या पदार्थात एक गोष्ट अशी असते की तिच्यात त्या पदार्थाचा जीव असतो. तिला हात लावायचा नाही. बाकी सगळं बदलायला माझी काही हरकत नाही. कुकर वापरा, मिक्सर वापरा, फ्रीजरमध्ये ठेवा, तयार पीठ आणा. आपली गडबड उलटी होते. आपण पितळी पातेलं आणि पाटा-वरवंटा यांच्या मागे लागतो आणि ताक मात्र आंबट नसलेलंच घालतो.

उकडीचंच घ्या. तिचा जीव आंबट ताकात आहे. पिशवीतलं ताक नको, त्यात बहुधा मीठमसाला आधीच असतो. फ्रीजमधलं दही गोड असतं, तेही नको. आदल्या संध्याकाळी वाटीभर दही ओट्यावर काढून ठेवा. ठाण्याच्या हवेत ते सकाळपर्यंत आपसूक आंबतं. वाटीभर तांदळाच्या पिठाला असं दोन वाट्या ताक आणि एक वाटी पाणी.

गुठळ्यांबद्दल मला एक शंका आहे. वहीतलं पान पुन्हा काढून बघा. ‘पाण्याला आधण आलं की पीठ घालावं’ असं लिहिलंय का? मग ते मोदकाच्या उकडीचं पान आहे. नाव एक, पदार्थ दोन. मोदकाच्या उकडीत पिठाएवढंच पाणी असतं आणि पीठ उकळत्या पाण्यातच पडायला हवं. खायच्या उकडीत पातळ तिप्पट असतं. तिथे कोरडं पीठ गरम पाण्यात पडलं की प्रत्येक गोळीची बाहेरची बाजू तिथल्या तिथे शिजते, चिकट होते, आणि आतलं पीठ कोरडंच राहतं. ती गुठळी मग कितीही घोटली तरी फुटत नाही. म्हणून पीठ, ताक, पाणी, मीठ, चिमूटभर साखर हे सगळं गारच कालवून घ्या, हाताने कालवलंत तर उत्तम, बोटांना गुठळी लगेच लागते. कढईत तेलाची फोडणी करा, मोहरी, जिरं, हिंग, हिरवी मिरची, ठेचलेलं आलं, कढीपत्ता. आच मंद करा, कालवलेलं ओता आणि हात थांबवू नका. पहिला मिनिटभर काहीच होत नाही. मग कडेने दाटायला लागतं, चमचा तळाशी जड लागतो, आणि एकदम सगळं फाटल्यासारखं, गोळागोळा दिसतं. इथे घाबरायचं नाही. तसंच ढवळत राहिलात की अर्ध्या मिनिटात ते सारखं होतं. खाली तवा सरकवा, झाकण ठेवा, सात-आठ मिनिटं वाफ येऊ द्या. पिठाचा पांढरा, खडूसारखा रंग जाऊन त्यावर चकाकी आली आणि ओल्या बोटाला चिकटली नाही की उकड झाली. ताटलीत घेऊन मध्ये खळगा करा आणि त्यात कच्चं तेल घाला. बाबांना विचारा, तेल की तूप. या एका प्रश्नावर ते जरा बोलायला लागतील असं मला वाटतं.

बिरड्याचा जीव मोडात आहे. वाल कडवेच असतात, पण तो कडवटपणा जिभेवर जेमतेम रेंगाळावा इतकाच हवा. भिजवलेलं पाणी टाकून दिलं का? मोड आल्यावर पुन्हा धुतले का? सालं पूर्ण काढली का? या तीनपैकी एक राहिलं की भाजी कडू होते. वाल रात्रभर भिजवायचे, सकाळी ते पाणी फेकून स्वच्छ धुऊन ओलसर पंच्यात सैलसर बांधून ठेवायचे. मध्ये एकदा पाण्याखाली धरायचे, विशेषतः पावसाळ्यात, नाहीतर बुळबुळीत होऊन वास मारतात. बारीक कोंब दिसला की पुरे, लांब मोड येऊ देऊ नका. मग कोमट पाण्यात घालून एकेक दाणा चिमटीत धरायचा. बोटांनी हलकेच दाबला की साल सुटून हातात येते आणि आतला दाणा, म्हणजे डाळिंबी, टपकन पाण्यात पडते.

शिजवताना कुकर नको. एका शिट्टीत त्याचं पिठलं होतं. फोडणीवर परतून, झाकणावर पाणी ठेवून मंद आचेवर शिजवा. आमसूल सगळ्यात शेवटी. आंबट आधी पडलं की कडधान्य लवकर शिजत नाही, दाणा टणक राहतो. नखाने दाणा दुभंगला की मगच आमसूल, गूळ, आणि तुमच्या घरच्या पद्धतीप्रमाणे ओला नारळ किंवा नारळाचं दूध. तुमच्या वहीत निनावं असेल आणि कांदा-लसणाचं बिरडं असेल तर तुमचं घर सीकेपी, म्हणजे चांद्रसेनीय कायस्थ प्रभूंचं, असावं, मग नारळाचं दूध असणार. आमच्याकडे गोडा मसाला पडतो. नौपाड्यात एकाच जिन्यावर दोन्ही वास यायचे आणि दोन्ही घरांना आपलंच खरं वाटायचं. तुमच्या बाबांच्या जिभेवर जे आहे ते तुमच्यासाठी खरं.

जीव कशात आहे ते न ओळखता पदार्थ ‘सोपा’ केला की काय होतं, याचं सगळ्यात ढळढळीत उदाहरण म्हणजे शेवळं ही पावसाळी रानभाजी. जूनमध्ये पहिल्या पावसानंतर येऊरच्या डोंगरावरून आदिवासी बायका जुड्या घेऊन खाली येतात. त्यांच्या टोपलीत शेवळांशेजारी काकडं नावाची हिरवी, गोटीएवढी आंबट फळं असतात. नवीन गिऱ्हाईक फक्त शेवळं उचलतं. शेवळं सुरणाच्या कुळातली, त्यात सुईसारखे बारीक क्षार असतात आणि ते घशाला टोचतात, खाज सुटते. काकडांच्या आंबटपणाशिवाय ती भाजी करायचीच नाही. वहीत ‘काकडं घालावीत’ एवढीच ओळ असेल, न घातल्यास काय होतं हे लिहिलेलं नसेल, कारण तेव्हा न घालणारं कोणी नव्हतंच. ही भाजी तुम्ही पहिल्यांदा एकट्याने करू नका. माहितगार बाईकडून साफ करायला शिका, आतला कोणता पिवळा भाग टाकायचा ते तिच्या हातून बघा, मग करा.

आता बाबांच्या ताटाबद्दल. त्यांचं जेवण निम्म्यावर आलंय हे आधी त्यांच्या डॉक्टरांच्या कानावर घाला. या वयात आणि मधुमेहात ती गोष्ट स्वयंपाकावर सोडून देण्यासारखी नाही. औषधं तीच आणि जेवण निम्मं, असं झालं तर साखर एकदम खालीही जाऊ शकते. आणि तूप, मेतकूट, मऊ भात ही माझीही सगळ्यात लाडकी गोष्ट असली तरी गुरगुट्या भाताने साखर भराभर चढते, हे मी लपवणार नाही. म्हणून तांदळाबरोबर निम्मी मुगाची डाळ घालून मऊ खिचडीच करा आणि वाटी छोटी ठेवा. उकडही नाश्त्याला छोट्या वाटीनेच. पापड-लोणचं ताटात असेल तर मिठाकडे लक्ष.

त्यांच्यासाठी मी सुरुवात कुळथाच्या पिठीपासून करीन. संध्याकाळी कळवा-विटाव्याच्या गर्दीतून सुटून तुम्ही आठला घरी पोचता असं धरलं तरी साडेआठला ती ताटात येते. पोहे खायच्या चमच्याने तीन चमचे कुळथाचं पीठ दोन-अडीच वाट्या गार पाण्यात कालवायचं. तेलात पाच-सहा ठेचलेल्या लसणाच्या पाकळ्या लाल होऊ द्यायच्या, मिरची, हळद, मग हे पाणी, मीठ, दोन-तीन आमसुलं. उकळी येईपर्यंत ढवळत राहायचं, मग सात-आठ मिनिटं मंद आच. गॅसवर असताना आमटीसारखी पातळ वाटली पाहिजे, कारण खाली उतरवल्यावर ती दाटते. ज्यांचा हात बसलाय त्या बायका आधणात थेट पीठ वैरतात. एका हाताने चिमटीतून पीठ भुरभुरायचं, दुसऱ्या हाताने ढवळायचं. तो हात यायला दिवस लागतात, तोवर गार पाण्यात कालवण्यात काहीही कमीपणा नाही.

पिठीचा जीव भाजलेल्या कुळथात आहे. कुळीथ भाजून, भरडून, पाखडून मग दळलेला असतो. पाकीट उघडल्यावर खमंग वास यायला हवा. एकदा मी एका दुकानातून आणलेलं पीठ कच्चंच निघालं. पिठी अर्धा तास उकळली तरी हिरवट, उग्र लागत होती, आणि मी मात्र मसाल्यात काय चुकलं ते शोधत बसले. आता पाकीट फोडल्याबरोबर हुंगते. शंका आली तर कोरड्या कढईत अगदी मंद आचेवर पाच मिनिटं पीठ परतून घेते. तेवढ्याने काम होतं.

तुमच्या यजमानांच्या म्हणण्यात निम्मं खरं आहे, आणि तेवढं निम्मं तुम्ही जरूर घ्या. मेतकूट, भाजणी, कुळथाचं पीठ हे सगळं कोकणी मालाच्या दुकानात चांगलं मिळतं. सोललेलं बिरडंही ठाण्यात मंडईच्या आसपास पाण्यात घातलेलं विकायला असतं, आणि ज्या आठवड्यात वेळ नसेल त्या आठवड्यात ते आणण्यात मला काहीच वावगं दिसत नाही. पुडी आणा, पण फोडणी घरची करा. घरात लसूण लाल होण्याचा वास सुटला की आतल्या खोलीतला माणूस उठून स्वयंपाकघराच्या दारात येतो. डबा उघडून ताटात वाढलं तर तो येत नाही.

भाजणी मात्र वर्षातून एकदा तरी घरी करून बघा, थंडीत, सुट्टीच्या दिवशी. प्रत्येक धान्य वेगळं भाजायचं, मंद आचेवर, कारण बाजरी आणि उडदाची डाळ एका वेळेला कधीच भाजून होत नाहीत. आणि गिरणीत सांगायचं, ‘गव्हावर नको, हरभऱ्याच्या डाळीवर दळा.’ आधीच्या गिऱ्हाइकाचं पीठ जात्यात थोडं राहतंच, ते कशाचं असावं हे आपण ठरवायचं. जुन्या गिरणीवाल्याला हे अर्ध्या वाक्यात कळतं.

वेळेचं म्हणाल तर आठवड्यातला एकच दिवस धरा. बाकीचे दिवस तुमचं जे चाललंय ते चालू द्या. त्या एका दिवशी दुप्पट करून ठेवता येतात असे पदार्थ निवडा. मोड काढून सोललेले वाल फ्रीजरमध्ये महिनाभर राहतात. खोवलेला नारळ राहतो. वरणफळांना तर वेगळा वेळच लागत नाही, कालचं वरण आणि उरलेली कणीक एवढंच लागतं, आणि शनिवारी रात्री दमून आलेल्या माणसाला याहून चांगलं काही मिळत नाही. वहीत जिथे ‘निखाऱ्यावर ठेवावे’ असेल तिथे सगळ्यात बारीक गॅस आणि खाली तवा. ‘वर-खाली निखारे’ असेल, जसं निनाव्याला असतं, तिथे ओव्हन, 180 अंशांवर पस्तीस-चाळीस मिनिटं आणि सुरी घालून बघणं. मोकळ्या पातेल्यात शिजणाऱ्या भाताचं पाणी वाफेने उडून जायचं, कुकरमध्ये ते आतच राहतं, म्हणून भाताला वहीत लिहिलंय त्याहून थोडं कमी पाणी घाला. तांदूळही बघून घ्या. मऊ, मिळून येणारा भात हवा असेल तर आंबेमोहोर किंवा इंद्रायणी. आपल्याकडचा वाडा कोलम, ज्याला 2021 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं, तो मला फार आवडतो, पण त्याचा मोकळा भात साधा वरण-भात म्हणूनच छान. गुरगुट्या भाताला तो घेऊ नका.

लेकीच्या बाबतीत माझी एकच विनंती. ‘हे आपलं पारंपरिक आहे’, ‘हे पौष्टिक आहे’ असं म्हणून तिच्यापुढे काही ठेवू नका. नऊ वर्षांच्या मुलीला मऊ भात आवडावा अशी अपेक्षाही नको. तो आजारपणात आवडायला लागतो, तोही कुणीतरी उशाशी बसून भरवला की. तिला घावन घालायला द्या. तांदळाचं पीठ, पाणी, मीठ, ताकाइतकं पातळ. बिडाचा तवा चांगला तापवायचा, अर्ध्या कांद्याने तेल फिरवायचं, आणि वाटीने कडेकडेने सुरू करून आत यायचं. पडल्या पडल्या चर्र होतं आणि जाळी पडते. नॉनस्टिकवर एवढी जाळी येत नाही, तो तेवढा तापवता येत नाही. दर वेळी पीठ तळापासून ढवळून घ्यायला तिला सांगा, तांदळाचं पीठ खाली बसतं. पहिलं फाटेल, दुसरं जाड होईल. तिसरं ती स्वतः आजोबांना नेऊन देईल. सोबत गूळ घातलेलं नारळाचं दूध, तिला वाटीभर आणि आजोबांना चमचाभर. तव्याजवळ तुम्ही उभ्या राहा, बिडाचा तवा फार तापतो.

आणि बाबा. तुम्ही लिहिलंय, त्यांनी मुकाट्याने खाल्लं. मी त्यांच्या जागी असते तर मीही मुकाट्यानेच खाल्लं असतं. सुनेने दमून केलेलं, त्यात खोट कशी काढायची? ‘कसं झालंय?’ या प्रश्नाला त्यांच्याकडे ‘छान’ हे एकच उत्तर आहे. म्हणून तो प्रश्न विचारू नका. विचारा, ‘आई यात गूळ आधी घालायच्या की नंतर?’ ‘पिठी याहून पातळ असायची का?’ ‘बिरड्याबरोबर भात असायचा की पोळी?’ अशा प्रश्नाला उत्तर देताना त्यांना तुमच्या स्वयंपाकाला नावं ठेवावी लागत नाहीत. पन्नासेक वर्षं त्यांनी त्या हातचं खाल्लंय. वहीत ‘अंदाजे’ लिहून आई जे गाळून गेल्या, ते त्यांच्या जिभेला माहीत आहे, फक्त त्यांना ते कधी कुणी विचारलं नसेल. काही वेळा ते चुकीचं सांगतील. काही वेळा सांगता सांगता थांबतील, तेव्हा तुम्हीही थांबा. भांडी घासायला घेऊ नका लगेच.

जे सांगतील ते वहीत त्याच पानाच्या समासात लिहा, वेगळ्या शाईने, तारीख घालून. ‘बाबा म्हणाले, आई आल्याऐवजी लसूण घालायच्या.’ ‘तीन आमसुलं जास्त झाली, दोन पुरे.’ तुमचे आकडेही लिहा, ग्रॅम, मिलिलिटर, मिनिटं, किती शिट्ट्या, कोणतं भांडं. मोठ्या सासूबाई, सासूबाई आणि तुम्ही, तिघींची अक्षरं एका वहीत होऊ द्या.

बिरडं पुन्हा करा. शुक्रवारी रात्री झोपण्याआधी वाटीभर वाल भिजत घाला, चौघांना भातासोबत पुरतील. शनिवारी सकाळी पाणी फेकून बांधून ठेवा. उन्हाळा असेल तर शनिवारी रात्रीपर्यंत कोंब दिसतील, मग पुरचुंडी फ्रीजमध्ये ठेवा. रविवारी चहा झाला की परात बैठकीच्या खोलीत न्या, कोमट पाणी ओता, आणि सोलायला बाबांना बसवा. लेकीला त्यांच्या शेजारी. यजमान पेपर वाचत असतील तर त्यांनाही हात घालायला सांगा. वाटीभर वाल चार माणसांनी सोलले तर अर्धा तास लागतो.